रोमन चांदीच्या नाण्यांवर इतकं सैन्य का?

भीमाकाठ

नमस्कार मंडळी,

मी सहा वर्षं जर्मनीत, ओस्नाब्रुकला राहते. गेल्या महिन्यात इथल्या एका नाणेमेळ्यात रीतसर पावती घेऊन आयुष्यातलं पहिलं रोमन नाणं विकत घेतलं. दिनारियस, म्हणजे रोमचं नेहमीच्या व्यवहारातलं चांदीचं नाणं. जुन्या चार आण्यांपेक्षा किंचित लहान, वजन ३.४ ग्रॅम. एका बाजूला वल्ह्यांचं लढाऊ जहाज. दुसऱ्या बाजूला मधोमध काठीवर पंख उभारलेला गरुड आणि त्याच्या दोन्ही अंगांना फौजेची दोन निशाणं. रोमन सेनापती मार्क अँटनीने इ.स.पू. ३२-३१ मध्ये, ऑक्टेव्हियनशी (म्हणजे पुढचा बादशहा ऑगस्टस) शेवटची लढाई होण्याआधी, आपल्या फौजेचा पगार भागवायला ही नाणी पाडली. त्यांवर लीजनचा, म्हणजे पलटणीचा, नंबर असतो. माझ्या नाण्यावर गरुडाच्या डावीकडे 'लेग' ही अक्षरं चांगली वाचता येतात. उजवीकडे रोमन 'एक्स' आहे आणि त्यापुढे सगळं गुळगुळीत.

दोन प्रश्न आहेत. पहिला, हा पुसलेला आकडा वाचायची काही युक्ती आहे का?

दुसरा जास्त महत्त्वाचा. हे नाणं हातात आल्यापासून मी संग्रहालयांतली रोमन नाणी वेगळ्या नजरेने बघायला लागले. जिकडे बघावं तिकडे ढाली, भाले, शिरस्त्राणं, हात बांधलेले कैदी, मुकुट घेऊन उडणारी विजयदेवता. नाणं तर बाजारात पाव आणि तेल घ्यायला वापरायचं. मग त्यावर एवढं सैन्य कशासाठी? ही चित्रं कोणाशी बोलत होती? मला वाटतं, ती सैनिकाशी बोलत होती, कारण टांकसाळीतून निघालेलं नाणं पहिल्यांदा त्याच्या हातात पडायचं. तुम्हाला काय वाटतं?

पोह्यांचा_कप

पहिला! फोटो टाका की ताई.

भीमाकाठ

फोटो चढत नाहीयेत, पुन्हा प्रयत्न करते.

टांकसाळ_जुनी

छान धागा. दिनारियसचा जन्मच लढाईतला, तिथून सुरुवात करू या.

रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसला होता, रोमची जुनी चलनव्यवस्था कोसळली होती. इ.स.पू. २१२ मध्ये सिराक्यूज पडलं, तिथली लूट रोमला आली आणि इ.स.पू. २११ च्या सुमारास हे नवं नाणं निघालं. वजन साधारण साडेचार ग्रॅम, किंमत तांब्याचे १० आस, म्हणून रोमादेवीच्या मस्तकामागे 'एक्स'. त्या देवीच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे. मागच्या बाजूला भाले रोखून घोडे फेकणारे जुळे देव, कॅस्टर आणि पोलक्स. एका जुन्या लढाईत हे दोघे रोमच्या बाजूने लढायला उतरले अशी रोमनांची श्रद्धा होती. म्हणजे पहिल्या दिनारियसवरच शिरस्त्राण, भाले आणि घोडदळ. पुढच्या साडेचारशे वर्षांत चेहरे बदलले, शस्त्रं हटली नाहीत.

तुमच्या नाण्याची मालिका दुसऱ्या लीजनपासून तेविसाव्यापर्यंत जाते. शिवाय अँटनीच्या खास रक्षकदलाची आणि टेहळ्यांच्या तुकडीची वेगळी नाणी आहेत. लीजनच्या नाण्यांवर गरुडाची जागा कायम मधली. रोमन लेखक प्लिनी सांगतो की सेनापती मारियसने इ.स.पू. १०४ मध्ये बाकीची प्राणिचिन्हं काढून गरुड हेच लीजनचं मुख्य चिन्ह केलं. तो शत्रूच्या हाती लागणं ही पलटणीची सगळ्यात मोठी नामुष्की.

आकडा वाचायची युक्ती: खोलीत अंधार करा, नाणं काळ्या कापडावर आडवं ठेवा आणि मोबाईलचा दिवा अगदी जमिनीलगत, बाजूने धरा. नाणं सावकाश फिरवत राहा. झिजलेल्या रेघेलाही केसभर उंची उरलेली असते, तिची सावली पडते. वरून प्रकाश टाकलात तर काही दिसणार नाही. आणि कृपा करून घासू-पुसू नका. चिंच, लिंबू, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका.

पोह्यांचा_कप

चिंचेचं वाचून आई स्वयंपाकघरातून म्हणाली, 'मग काळी पडलेली चांदी ठेवायची तरी कशाला?'

चिकित्सक_चिंतू

धागा आवडला, पण मूळ मताशी सहमत नाही. पुष्कळशा नाण्यांवरचं सैन्य सैनिकांसाठी नव्हतं, ते मतदारांसाठी होतं.

प्रजासत्ताकाच्या काळात नाणी पाडायचं काम बहुतेक वेळा तरुण अधिकाऱ्यांकडे असायचं. राजकारणातली त्यांची पहिली पायरी. ते नाण्यावर आपल्या घराण्याचा पराक्रम कोरून घ्यायचे. माझं आवडतं उदाहरण इ.स.पू. ११६-११५ च्या सुमाराचं, मार्कुस सर्गियुस सीलुसचं. नाण्यावर एक घोडेस्वार आहे आणि त्याच्या डाव्या हातात तलवार आहे. त्याच हातात शत्रूचं कापलेलं मुंडकंही आहे. सगळं डाव्याच हातात का? कारण हा त्याचा पूर्वज. हॅनिबलच्या युद्धात त्याचा उजवा हात तुटला, त्याने लोखंडाचा हात करून घेतला आणि पुन्हा लढायला गेला. प्लिनीने त्याच्या अंगावरच्या २३ जखमांची नोंद केली आहे. नातवाने आजोबांचा तो डावा हात चांदीवर आणला.

दुसरं उदाहरण इ.स.पू. ५६ चं, फाउस्तुस सुल्लाचं. त्याच्या नाण्यावर बाप, म्हणजे सेनापती सुल्ला, उंच आसनावर बसलाय, समोर राजा बोक्कुस गुडघ्यावर, मागे राजा जुगुर्था हात बांधलेला. हे सैनिकाला सांगायची गरजच नव्हती. हे रोमच्या चौकातल्या माणसाला सांगायचं होतं: आमचं घराणं बघ आणि मत दे.

अनघा_वाचते

चिंतू, लोखंडी हाताची गोष्ट माहीत नव्हती! उद्या वर्गात सांगणार. आठवीच्या मुलांना लढायांच्या सनावळ्यांपेक्षा हा डावा हात जास्त लक्षात राहील.

निवृत्त_सुभेदार

मी २४ वर्षं फौजेत काढली. नाण्यांतलं मला कळत नाही, पण सैनिकातलं कळतं, म्हणून लिहितो.

चिंतूभाऊ म्हणतात ते घराण्यांच्या नाण्यांबद्दल बरोबर असेल. पण ताईंच्या नाण्यावर घराणं नाही, पलटणीचा नंबर आहे. सैनिकाच्या लेखी नंबर ही काय चीज असते ते बाहेरच्या माणसाला पटकन उमगत नाही. रेल्वे स्टेशनवर अनोळखी जवान दिसला तरी माझी नजर आधी त्याच्या खांद्यावरच्या पट्टीकडे जाते. आपली पलटण असेल तर चहा आपल्याकडून. अजूनही घरी पाकीट आलं आणि कोपऱ्यात पलटणीचं चिन्ह दिसलं की मी ते उभं राहून उघडतो. त्या अँटनीच्या शिपायाने ढिगातून आपल्या नंबरचं नाणं शोधलं नसेल, यावर माझा विश्वास बसणार नाही.

चिकित्सक_चिंतू

सुभेदारसाहेब, तुमच्या शब्दाला मान आहे. एकच अडचण मांडतो. जमिनीत सापडलेल्या हंड्यांमध्ये या नाण्यांचे सगळे नंबर एकमेकांत मिसळलेले असतात. सहाव्या पलटणीला सहाच्याच नंबरची नाणी वाटली, याचा पुरावा नाही.

निवृत्त_सुभेदार

मिसळलेली असू द्या. मिसळलेल्यातूनच आपलं शोधायचं असतं.

सराफकट्टा

आमचं घर तीन पिढ्या चांदीच्या धंद्यात, हुपरीजवळ. मी टंचाच्या, म्हणजे चांदीच्या शुद्धतेच्या, बाजूने लिहितो.

ऑगस्टसच्या काळातली दिनारियस जवळजवळ शुद्ध चांदीची, ९५ टक्क्यांच्या वर. अँटनीची ही नाणी त्यामानाने हिणकस. तांबं जास्त घातलंय हे त्या काळातल्या लोकांनाही ठाऊक होतं, प्लिनीने तर अँटनीने चांदीत लोखंड मिसळल्याचं लिहून ठेवलंय. म्हणूनच ही नाणी टिकली. माणूस चांगला माल घरात ठेवतो आणि कमअस्सल आधी बाजारात काढतो, आमच्या पेढीवर आजही हेच चालतं. पुढच्या बादशहांनी जुनी चांगली नाणी आटवली, अँटनीच्या नाण्यांना कोणी मूस दाखवली नाही, आटवून मिळणार काय? इ.स. तिसऱ्या शतकातल्या हंड्यांतही ती निघतात. दोन-अडीचशे वर्षं हातोहात फिरून गुळगुळीत झालेली.

तेव्हा ताई, तुमच्या नाण्याचा आकडा पुसलाय तो काही एका माणसाच्या हाताने नाही.

अजून एक. नाण्यावर कुठे बारीक ठोकलेली खूण आहे का बघा: चंद्रकोर, टिंब, एखादं अक्षर. ती सराफाची असते. आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा चढवलेली खोटी नाणी तेव्हाही बाजारात होती. परखून झाल्यावर खूण मारायची पद्धत होती.

अनघा_वाचते

पगाराचा विषय निघालाच आहे तर थोडं गणित. ऑगस्टसच्या काळात लीजनच्या साध्या सैनिकाला वर्षाला २२५ दिनारियस मिळायचे, ७५-७५ च्या तीन हप्त्यांत. तोपर्यंत दिनारियसची किंमत १० वरून १६ आस झाली होती. २२५ गुणिले १६ म्हणजे ३,६०० आस. ३६० दिवसांनी भागा. रोज १० आस.

हा आकडा तक्रारीच्या रूपाने इतिहासात नोंदला गेलाय. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस वारला आणि पॅनोनियातल्या पलटणींनी बंड केलं. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की सैनिक म्हणत होते, आमचा देह आणि जीव रोजच्या १० आसला विकला जातो, आणि त्यातूनच कपडे, शस्त्रं, तंबू यांचा खर्च कापला जातो. त्यांची मागणी होती रोज एक दिनारियस. १० आस मिळत होते, १६ हवे होते.

मला हे वाचताना नेहमी वाटतं, ज्या नाण्यावर आपलं सैन्य विजयी दिसतंय त्या नाण्याकडे बघून हा माणूस मनात हिशेब करत असणार.

पोह्यांचा_कप

म्हणजे महागाई भत्त्याचं आंदोलन दोन हजार वर्षं जुनं आहे तर. संघटनेच्या ग्रुपवर टाकतो!

टांकसाळ_जुनी

अनघाताईंनी नेमकी नस पकडली. भीमाकाठ आणि चिंतू, दोघांचंही बरोबर आहे, काळ वेगळा आहे. प्रजासत्ताकात नाणं घराण्याचं ढोल वाजवतं. यादवी सुरू झाली, सेनापती स्वतःच्या छावणीत नाणी पाडायला लागले, आणि मग नाणं थेट सैनिकाकडे तोंड करून उभं राहतं.

यादवीच्या आधीचीही एक ठिणगी सांगतो. इ.स.पू. ९१ ते ८८ मध्ये इटलीतल्या मित्रराज्यांनी नागरिकत्वासाठी रोमविरुद्ध शस्त्र उचललं. त्यांनी रोमच्याच धर्तीवर दिनारियस पाडले. एकावर इटलीचा बैल रोमच्या लांडगिणीला शिंगं मारून तुडवतोय. अक्षरं लॅटिन नाहीत, ऑस्कन आहेत. दुसऱ्या एकावर योद्धे तलवारी रोखून शपथ घेताना दिसतात. त्या फौजेला पगारही याच नाण्यांत. हे चित्र कोणासाठी होतं, याबद्दल मला तरी शंका नाही.

बादशाहीत तर नाण्यावरचा मजकूर वाचूनच दरबारातली भीती कळते. इ.स. ४१ मध्ये कॅलिगुलाचा खून झाला आणि रक्षकदलाने क्लॉडियसला उचलून बादशहा केलं. त्याने प्रत्येक रक्षकाला १५,००० सेस्टर्स कबूल केले, म्हणजे ३,७५० दिनारियस. अनघाताईंच्या हिशेबाने साध्या सैनिकाच्या सोळा वर्षांच्या पगाराहून जास्त. पुढे त्याच्या नाण्यांवर रक्षकदलाची छावणी आली, तटबंदीसकट. दुसऱ्या एकावर तो निशाणवाल्या शिपायाशी हात मिळवतोय. ज्यांनी गादी दिली त्यांचे आभार गादीवर बसलेल्याने चांदीत मानले.

आणि बादशहा नर्वा. त्याच्या नाण्यांवर दोन हात एकमेकांत गुंफलेले आणि मजकूर 'सैन्यांची एकजूट'. इ.स. ९७ मध्ये रक्षकदलाने त्यालाच राजवाड्यात कोंडून आधीच्या बादशहाचे, डोमिशियनचे, मारेकरी हवाली करायला लावले.

चिकित्सक_चिंतू

नर्वाचं उदाहरण चोख. मग मी माझं म्हणणं थोडं बदलतो: जिथे सैन्याची खात्री वाटत नाही तिथे नाण्यावर सैन्य जास्त दिसतं. अँटनीचंही तेच झालं. एवढ्या पलटणी नाण्यावर मोजून दाखवल्या, आणि २ सप्टेंबर इ.स.पू. ३१ ला ॲक्टियमच्या समुद्रात तो क्लिओपात्रामागे निघून गेल्यावर किनाऱ्यावरच्या पलटणींनी काही दिवसांतच ऑक्टेव्हियनशी तह केला.

निवृत्त_सुभेदार

सेनापती मैदान सोडून गेल्यावर पलटण कोणासाठी लढणार? त्यांना दोष देऊ नका.

सराफकट्टा

टंचाचं पुढचं सांगायचं राहिलं. इ.स. ६४ मध्ये नीरोने दिनारियसचं वजन उतरवलं, चांदीही कमी केली. डोमिशियनने सैनिकाचा पगार ३०० केला. सेप्टिमियस सेव्हेरसने इ.स. १९३ मध्ये गादी मिळवली ती सैन्याच्या जोरावर. त्यानेही अँटनीसारखी पलटणींच्या नंबरची नाणी पाडली, पगार पुन्हा वाढवला आणि चांदी जवळजवळ निम्म्यावर आणली. मरताना मुलांना सांगितलं, आपसात गोडीने राहा, सैनिकांना श्रीमंत करा, बाकीच्यांची पर्वा नको. त्याच्या मुलाने, काराकल्लाने, दोन दिनारियस किमतीचं म्हणून नवं नाणं काढलं, त्यात चांदी दीडच दिनारियसची होती. पुढे बादशहा गॅलिएनसपर्यंत त्याचं तांबंच झालं, वरवर चांदीची झाक.

मी हे ओळीने लावून बघतो तेव्हा चित्र सोपं दिसतं. सैनिकाचा पगार वर, चांदीचा टंच खाली. नाण्यावर छाप मात्र शेवटपर्यंत विजयाचाच. मला याचं मनापासून वाईट वाटतं. टंच पाडला की माणसाचा शब्द पडतो, असं माझे आजोबा म्हणायचे.

भीमाकाठ

किती भर घातलीत सगळ्यांनी! आता मी इथलं सांगते.

ओस्नाब्रुकपासून थोड्या अंतरावर काल्क्रीज आहे. इ.स. ९ मध्ये जर्मन टोळ्यांनी वारुस या रोमन सेनापतीच्या तीन लीजन जंगलात कापून काढल्या. १७, १८ आणि १९. रोमने हे तिन्ही नंबर पुन्हा कधी कुठल्या पलटणीला दिले नाहीत. ही लढाई नक्की कुठे झाली याचा शोध शेकडो वर्षं चालला होता. १९८७ मध्ये टोनी क्लन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला काल्क्रीजच्या शेतात धातुशोधकाने चांदीची नाणी सापडली आणि शोधाला दिशा मिळाली. तिथल्या नाण्यांत ऑगस्टसचा एक छाप आहे: त्याचे दोन नातू, गायुस आणि लुसियुस, शेजारी शेजारी उभे, मध्ये टेकवलेल्या ढाली आणि भाले. आजोबांनी दोघांना दत्तक घेतलं होतं, वारस ठरवलं होतं. लुसियुस इ.स. २ मध्ये गेला, गायुस इ.स. ४ मध्ये. दोघांनाही गादी मिळाली नाही.

मी तिथल्या संग्रहालयात उभी होते तेव्हा बाजूच्या आजोबांनी विचारलं, तुम्ही कुठल्या? भारत म्हटल्यावर ते म्हणाले, मग हा छाप तुमच्याकडेही भरपूर सापडतो. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. कोणी सांगेल का?

चौलचा_वारा

अगदी बरोबर सांगितलं त्यांनी. दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीत दोनच छाप सगळ्यांत जास्त. एक हे दोन नातू आणि दुसरा ऑगस्टसनंतरच्या बादशहाचा, टायबेरियसचा, ज्याच्या मागे आसनस्थ स्त्री आहे. तेलंगणात नलगोंडा जिल्ह्यात अक्कनपल्लेला १,५३१ दिनारियसचा साठा सापडला. कोइंबतूरच्या परिसरात तर अनेक. मिऱ्यांच्या, मोत्यांच्या, कापडाच्या बदल्यात आलेली ही चांदी. प्लिनी कुरकुरतो की भारत दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो.

भीमाकाठताई, तुमच्या प्रश्नाला यातून वेगळंच उत्तर मिळतं. काल्क्रीजमध्ये ते नाणं सैनिकाच्या कमरेला होतं. तोच छाप इथे आला तेव्हा त्या ढाली-भाल्यांशी कोणाला देणंघेणं नव्हतं. इथे हवा होता तो टंच आणि एकसारखं वजन. प्लिनीच सांगतो, एका रोमन माणसाची वादळात भरकटलेली होडी श्रीलंकेला लागली. तिथल्या राजाने त्याच्याजवळचे दिनारियस पाहिले. त्यांवरचे चेहरे वेगवेगळे, म्हणजे ती वेगवेगळ्या माणसांनी पाडलेली, तरी वजन सगळ्यांचं सारखं. राजाला रोमनांच्या सचोटीचं कौतुक वाटलं आणि त्याने वकील पाठवले.

सराफकट्टा

राजा पक्का सराफ होता.

पोह्यांचा_कप

आणि आपल्या महाराष्ट्रात? चौल, कल्याण, सोपारा, तेर, पैठण ही सगळी नावं त्या ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात आहेत असं शाळेत शिकलोय. कोल्हापूरला ब्रह्मपुरीत पोसायडनची कांस्यमूर्तीही मिळाली. मग दिनारियसचे हंडे कुठे गेले?

गोदातीर

मी नाशिकचा, त्यामुळे गप्प बसवत नाही.

पोहेभाऊ, पश्चिम भारतात दिनारियस फार थोडे सापडतात हे खरं. त्या खलाशाच्या प्रवासवर्णनात, 'पेरिप्लस'मध्ये, स्पष्ट आहे की भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी येत आणि स्थानिक नाण्यांच्या बदल्यात त्यांवर नफा मिळे. तेव्हा भडोच क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप नहपान राजाच्या ताब्यात होतं. बऱ्याच अभ्यासकांचं मत असं की ही रोमन चांदी आटली आणि तिचीच क्षत्रपांची नाणी झाली.

आता गंमत बघा. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. १३ हजारांहून जास्त नाणी. एका बाजूला नहपानाचा चेहरा आणि बिघडलेली ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला काय? बाण आणि वज्र. इथेही शस्त्रंच! आणि त्यांतल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलाय. शत्रूच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर. पांडवलेण्यात त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, कोरून घेतलेल्या लेखात त्याला 'खखरातवसनिरवसेसकर' म्हटलंय, क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. लेख डोंगरावर आहे, वाचायला पायऱ्या चढून जावं लागतं. नाणं मात्र प्रत्येकाच्या मुठीत जाऊन तेच सांगत होतं.

कदाचित त्या नहपानाच्या चांदीत एखाद्या दिनारियसवरचे ढाली-भाले विरघळलेले असतील. मी ती नाणी काचेपलीकडून पाहिली आहेत, तेव्हापासून हा विचार डोक्यातून जात नाही.

अनघा_वाचते

गोदातीर, अंगावर काटा आला. अगदी असंच उलट बाजूने रोमच्या बाबतीत घडलंय. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेम पाडलं आणि व्हेस्पेशियनच्या दिनारियसवर विजयचिन्हाखाली रडत बसलेली ज्यू स्त्री आली. विजयचिन्ह म्हणजे लाकडाच्या खांबावर शत्रूचं चिलखत आणि ढाली लटकवून उभं केलेलं बुजगावण्यासारखं काही. पुढे इ.स. १३२ ते १३५ मध्ये बार कोखबाच्या उठावात ज्यूंनी हाती आलेली रोमन नाणीच घेतली आणि त्यांवर आपले ठसे मारले. द्राक्षांचा घड, वीणा, कर्णे, हिब्रू अक्षरं. काही नाण्यांवर खालचा बादशहा अजून डोकावतो.

चिकित्सक_चिंतू

हे दोन्ही ठसे बघितल्यावर, चित्रांकडे कोणी लक्ष देत नव्हतं असं कोणाला म्हणता येणार नाही. लक्ष देत नसते तर ९ हजार नाण्यांवर हातोडा कशाला मारला असता?

निवृत्त_सुभेदार

आता बोललात!

भीमाकाठ

मंडळी, वाचला!!

टांकसाळकाकांनी सांगितलं तसं केलं. रात्री दिवे घालवले, काळ्या शालीवर नाणं ठेवलं. पाऊण तास काहीच दिसेना. मग नाणं उलटं फिरवून खालच्या बाजूने उजेड दिला आणि 'एक्स'च्या पुढे एक तिरपी रेघ सावलीसारखी उठली. तिच्या तळाशी दुसरी जोडलेली, 'व्ही'. त्यानंतर लगेच निशाणाची काठी, मध्ये जेमतेम केसभर जागा. नवरा म्हणतो १६ पण असू शकेल. माझ्या मते १५.

टांकसाळ_जुनी

'व्ही'चा उजवा हात निशाणाच्या काठीला टेकलाय का?

भीमाकाठ

हो, जवळजवळ टेकलाय.

टांकसाळ_जुनी

मग पुढे 'आय' मावणार नाही. पंधरावी लीजन. अभिनंदन!

जाता जाता एक. ॲक्टियमनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी मार्कस ऑरेलियस आणि लुसियस व्हेरस या बादशहांनी अँटनीच्या याच छापाचं नाणं पुन्हा पाडलं, सहाव्या लीजनचं. हरलेल्या सेनापतीचं नाव, जहाज, गरुड, सगळं तसंच, वर 'आम्ही पुन्हा घडवलं' असा मजकूर. मूळची झिजकी नाणी तेव्हाही बाजारात फिरत होतीच.

निवृत्त_सुभेदार

पंधरावी पलटण. ताई, पावतीवर पेनाने लिहून ठेवा. पुन्हा पुसायला नको.

भीमाकाठ

लिहिलं, काका. आणि सराफकट्टादादा, उजेड फिरवताना पुढच्या बाजूलाही एक गोष्ट दिसली. वल्ह्यांच्या खाली बारीक चंद्रकोर आहे, आत दबलेली. ती झिजेची नाही ना?

सराफकट्टा

दबलेली आहे, कडा स्वच्छ आहेत, तर झिजेची नाही. ती आमच्यापैकी कोणाची तरी आहे. अँटनीचं हिणकस नाणं हातात घेऊन, परखून, चालेल म्हणून परत दिलंय त्याने.